फेरफाराची नोंद कुठे आहे?

सातबारा म्हणजे काय हे आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोरांना समजावून सांगायला नको. आजोबांच्या नावची जमीन वडिलांच्या नावावर झाली किंवा सोसायटीचा बोजा चढला-उतरला, की आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद पडते. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतात, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग बदल सातबाऱ्यावर उतरतो. त्या फेरफाराचा क्रमांकही सातबाऱ्यावर राहतो. वीस वर्षांनी नातवाने जरी विचारलं की हे नाव कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर लावलं, तरी उत्तर सापडतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये ही पद्धत घालून दिलेली आहे.

आता आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये या. तिथल्या प्रत्येक मशिनमध्येही अशीच एक नोंदवही आहे. तिला रजिस्ट्री म्हणतात. तिच्यात रोज सकाळी बदल होतात. कुणी केले, कधी केले, आधी काय होतं, याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी कुठेच नसते! माझं म्हणणं एवढंच आहे की फेरफाराशिवाय सातबाऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम लॅबलाही लागू करा.

ज्यांची ब्रँच कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या विंडोजमध्ये सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये विखुरलेल्या असायच्या. विंडोज ९५ पासून त्या मोठ्या प्रमाणात रजिस्ट्रीत एकत्र आल्या. ही रचना झाडासारखी असते. फोल्डरसारख्या 'की' आणि त्यांच्यात 'व्हॅल्यू'. यातल्या दोन मोठ्या फांद्या लक्षात ठेवल्या तरी पुरे. 'लोकल मशीन' या फांदीत अख्ख्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज असतात आणि 'करंट युजर' या फांदीत जो लॉगिन झालाय त्याच्या. पेनड्राइव्ह चालू द्यायचा की नाही, टास्क मॅनेजर उघडू द्यायचा की नाही, कंपायलर कोणत्या फोल्डरमध्ये शोधायचा, हे सगळं इथे लिहिलेलं असतं.

स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणजे मशीन चालू होताना, कुणी लॉगिन करायच्या आधी, आपोआप चालणारी कमांडची फाइल. ग्रुप पॉलिसीतून ती लावली की ती 'लोकल सिस्टिम' या खात्याने चालते. हे खातं त्या मशिनवर जवळजवळ सर्वाधिकारी असतं. लॅबमध्ये साठ मशीन, असिस्टंट सर एकच. प्रत्येक मशिनसमोर बसून रजिस्ट्री एडिटर उघडणं माणसाच्या हातून होणारं काम नाही. त्यामुळे स्क्रिप्ट हवीच, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय १९६० चं, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील आणि राजारामनगरचं राजारामबापू १९८३ चं. आपल्या या दोन जिल्ह्यांत इंजिनिअरिंग कॉलेजं जुनी आहेत आणि लॅब भरपूर आहेत. शिवाय एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. अशा परीक्षांसाठी लॅब दिली की काही सेटिंग्ज बदलाव्या लागतात, आणि परीक्षा संपली की त्याच मशिनवर आपलं प्रॅक्टिकल असतं. म्हणजे बदल होणारच. प्रश्न ते कसे करायचे हा आहे.

साताऱ्यात डिप्लोमा आणि सांगलीत डिग्री, अशा दोन्हीकडच्या लॅब मी पाहिल्या. कोणत्या लॅबमधली गोष्ट ते सांगत नाही, पण घडलेलं सांगतो. जावाच्या प्रॅक्टिकलची तयारी म्हणून असिस्टंट सरांनी संध्याकाळी थांबून सगळ्या मशिनवर जावा टाकलं, चालवून पाहिलं आणि ते घरी गेले. सकाळी पहिल्या बॅचने कंपायलरची कमांड दिली, तर एकाही मशिनला ती सापडेना. दुपारी सरांनी पुन्हा सगळं नीट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच! निष्कर्ष ठरलेलाच होता, पोरांनीच काहीतरी केलं. त्या बॅचची जर्नल अडवून ठेवली आणि 'कोणी हात लावला ते सांगा' असं दोन आठवडे चाललं. सांगणार काय? कुणी काही केलेलंच नव्हतं. शेवटी कुणीतरी स्टार्टअप स्क्रिप्ट उघडून पाहिली. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्यात एक ओळ लिहिली होती. ती रोज सकाळी 'पाथ' ही व्हॅल्यू त्या काळच्या फोल्डरांच्या यादीने सरळ पुसून लिहायची. नवीन सॉफ्टवेअरचा पत्ता संध्याकाळी यादीत जायचा आणि सकाळी उडायचा. ओळ लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेले होते.

यात दोष कुणा एकाचा म्हणता येणार नाही. ती ओळ लिहिली तेव्हा बरोबरच असणार. चूक पद्धतीची होती. तिथे आधी वाचणं नव्हतं, नंतर नोंदवणं नव्हतं. आणि नोंद नसली की संशय नेहमी सगळ्यात कमी अधिकार असलेल्यावर जातो. लॅबमध्ये तो म्हणजे विद्यार्थी. म्हणून हा विषय मला नुसता टेक्निकल वाटत नाही.

आधी वाचण्याबद्दल बोलू. कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे रोज सकाळी ठरल्याप्रमाणे इतके फूट उघडा, असं कुणी करत नाही. धरणातली पातळी बघतात, येणारी आवक बघतात, मग किती क्युसेक सोडायचं ते ठरतं आणि नदीकाठच्या गावांना आधी कळवलं जातं. तेच पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीत येतं, तेव्हा आयर्विन पुलाजवळची पातळी वाचली जाते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. आधी आकडा, मग हुकूम. २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

स्क्रिप्टमध्ये हेच करायला फार अक्कल लागत नाही. विंडोजमध्ये 'रेग' नावाची कमांड आहे. तिचा 'क्वेरी' हा प्रकार व्हॅल्यू वाचतो आणि 'अ‍ॅड' हा प्रकार लिहितो. क्वेरी यशस्वी झाली की एररलेव्हल ० मिळतो, की किंवा व्हॅल्यू सापडली नाही तर १. आपल्याकडच्या स्क्रिप्टा बहुतेक थेट अ‍ॅडने सुरू होतात आणि शेवटी जबरदस्तीचा 'एफ' स्विच लावतात, म्हणजे आधीचं पुसायचं का हेसुद्धा विचारलं जात नाही. त्याऐवजी क्रम असा हवा: व्हॅल्यू वाचा, हवी तशीच असेल तर काही करू नका, वेगळी असेल तर जुनी व्हॅल्यू लिहून ठेवा, मग बदला, पुन्हा वाचून खात्री करा. पाथसारख्या यादीच्या व्हॅल्यूत तर पुसून लिहायचंच नाही, आपला पत्ता यादीत आहे का ते बघायचं आणि नसेल तरच जोडायचा. बॅच फाइलमध्ये दहा-बारा ओळी, पॉवरशेलमध्ये त्याहून कमी.

बरं, व्हॅल्यू बरोबर दिसली म्हणजे काम झालं असंही नाही. याचं एक नामी उदाहरण आहे. पेनड्राइव्हमधून ऑटोरनने पसरणाऱ्या व्हायरसांनी एके काळी सगळ्या लॅबना जेरीस आणलं होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला कॉनफिकर जगभर पसरला, त्याच्या पुढच्या आवृत्तीने पेनड्राइव्हचाही रस्ता धरला. त्यावर उपाय म्हणून रजिस्ट्रीत 'नो ड्राइव्ह टाइप ऑटोरन' ही व्हॅल्यू २५५ करायची, म्हणजे सगळ्या प्रकारच्या ड्राइव्हवर ऑटोरन बंद. एक्सपीत ती मुळात १४५ असायची. लोकांनी २५५ केली आणि निश्चिंत झाले. पण विंडोजच त्या व्हॅल्यूचं पूर्णपणे ऐकत नव्हतं! जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्टने तसा इशारा दिला आणि फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने त्यासाठीचं अपडेट सर्वांना उपलब्ध केलं. तोपर्यंत वहीत नोंद बरोबर आणि शेतात नांगर दुसऱ्याचाच, अशी गत होती. म्हणून तपासणी दोन पातळ्यांवर हवी. स्क्रिप्टने व्हॅल्यू बघावी आणि माणसाने महिन्यातून एकदा एखादा पेनड्राइव्ह खरंच लावून बघावा.

आता नोंदीकडे येतो. २००५ च्या सुमाराला ब्रॉन्टॉक नावाचा व्हायरस पसरला होता. तो मशिनमध्ये शिरला की रजिस्ट्री एडिटर बंद करायचा आणि फोल्डर ऑप्शन्स हा मेनू गायब करायचा, म्हणजे लपवलेल्या फाइल्स आपल्याला दिसू नयेत. यासाठी तो रजिस्ट्रीतल्या ज्या व्हॅल्यू वापरायचा, त्या मुळात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या सोयीसाठी विंडोजनेच दिलेल्या आहेत. म्हणजे लॅबचे सर जे कुलूप लावतात, तेच कुलूप व्हायरसही लावायचा. मशिनवर 'रजिस्ट्री एडिटिंग तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे' असा मेसेज आला, तर तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण? आपले सर की व्हायरस? नुसत्या व्हॅल्यूकडे बघून हे कधीच सांगता येत नाही. शेअर फोल्डरमधल्या लॉग फाइलमध्ये 'मशीन १७, अमुक तारीख, अमुक वेळ, जुनी व्हॅल्यू ०, नवी १, कारण ऑनलाइन परीक्षा' अशी ओळ असेल तर एका मिनिटात कळतं. ओळ नसेल, तर काहीतरी गडबड आहे हेही एका मिनिटात कळतं. पहारेकरी आणि चोर एकाच दाराने ये-जा करत असतील, तर दारात वही ठेवण्याशिवाय दुसरा उपाय काय?

नोंद ठेवली की आणखी एक फायदा होतो. न चाललेली स्क्रिप्टही सापडते. जुन्या लॅबमध्ये व्हीबीस्क्रिप्टमधल्या फाइल्स असू शकतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं जाहीर केलं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीन बदलणं आलंच. एखाद्या नव्या मशिनवर जुनी स्क्रिप्ट गुपचूप चालायची बंद झाली तर कळणार कसं? रोजच्या लॉगमध्ये साठऐवजी बावन्न नावं दिसली, तर कळेल.

कोणत्या वहीत लिहायचं, हेही कळलं पाहिजे. समजा, सगळ्या विद्यार्थ्यांना मराठी कीबोर्ड द्यायचा आहे. (द्यायलाच पाहिजे. याच अंकाच्या मराठी विभागासाठी लेख टाइप करताना निम्म्या मुलांना लॅबच्या मशिनवर मराठी सापडत नाही.) विंडोजमध्ये मराठीचा भाषाक्रमांक दशमान पद्धतीत ११०२ आहे आणि कीबोर्डची यादी 'करंट युजर' फांदीत असते. उत्साही माणूस ती ओळ स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये लिहितो आणि मराठी काही येत नाही. कारण सोपं आहे. स्टार्टअपच्या वेळी कुणी विद्यार्थी लॉगिनच झालेला नसतो. त्या क्षणी 'करंट युजर' म्हणजे लोकल सिस्टिम हेच खातं. आपण मराठी दिलं ते मशिनच्या रखवालदाराला! ही ओळ लॉगऑन स्क्रिप्टमध्ये हवी, जी विद्यार्थ्याच्या नावाने चालते. तसंच ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्रॅम 'लोकल मशीन'मधल्या सॉफ्टवेअर कीच्या बऱ्याच भागांसाठी वेगळ्याच फांदीवर नेला जातो. मग एकजण म्हणतो व्हॅल्यू आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. बदल केल्यावर पुन्हा वाचून बघा, असं मी म्हणतो ते यासाठीच.

यावर काही आक्षेप येणार, हे मला माहीत आहे. पहिला म्हणजे 'एवढं कशाला, डीप फ्रीझ टाका'. रिस्टार्ट केलं की मशीन पुन्हा कोरं. सोय आहे, नाकारत नाही. पण कोरं होणं म्हणजे बरोबर होणं नव्हे. मुळात गोठवतानाच चुकीची सेटिंग असेल तर ती रोज निष्ठेने परत येते, आणि काय बदललं होतं याचा पुरावाही रोज पुसला जातो. अपडेटसाठी पुन्हा वितळवावं लागतं ते वेगळंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'स्क्रिप्ट मुलांना दाखवली तर मुलं पळवाट शोधतील.' माझं उत्तर असं की जे कुलूप कुणी बघेपर्यंतच टिकतं, ते कुलूपच नाही. विद्यार्थ्यांच्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील, तर त्याने स्क्रिप्ट पाठ केली तरी सामान्यतः 'लोकल मशीन'मध्ये त्याला लिहिता येत नाही. अधिकार दिलेले असतील, तर स्क्रिप्ट लपवून काही वाचत नाही. खरी काळजी वाचण्याची नसून लिहिण्याची आहे. ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे विद्यार्थ्याला लिहिता येत असेल, तर उद्या सकाळी साठही मशीन त्याच्या ताब्यात. म्हणून वाचायला सगळ्यांना परवानगी, लिहायला फक्त दोघांना. आणि स्क्रिप्टमध्ये पासवर्ड कधीच नको. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा ग्रुप पॉलिसीच्या प्रेफरन्सेसमध्ये पासवर्ड ठेवायची सोय दिली होती. तो एन्क्रिप्ट केलेला असायचा, पण उलगडायची किल्ली त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये छापलेली होती. शेवटी मे २०१४ मध्ये अपडेट काढून ती सोय बंद करावी लागली.

तिसरा आक्षेप वेळेचा. 'असिस्टंट सरांना आधीच श्वास घ्यायला वेळ नाही.' हे मात्र शंभर टक्के खरं! प्रिंटरचा कागद अडकण्यापासून ऑनलाइन परीक्षेच्या तयारीपर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर. म्हणून हे काम त्यांच्यावर टाकू नका, आम्हाला द्या. थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट असतो. दर वर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट आणि तीच हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, जी ना कुठल्या लायब्ररीत चालते ना हॉस्पिटलमध्ये. त्याऐवजी चार जणांच्या एका ग्रुपने लॅबची स्क्रिप्ट लिहावी. एका जुन्या मशिनवर ती चालवून दाखवावी, सरांनी वाचून मंजूर करावी, मगच ती बाकीच्या मशिनवर जावी. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, अगदी तलाठी आणि मंडल अधिकाऱ्यांसारखं. पुढच्या वर्षी दुसऱ्या ग्रुपने ती सांभाळावी. साठ खऱ्या मशिनवर रोज चालणारा आपला कोड, हे व्हायवाला सांगायला काही वाईट नाही.

लॅबकडून माझ्या मागण्या चारच आहेत. स्टार्टअप आणि लॉगऑन, दोन्ही स्क्रिप्टची प्रिंट टाइमटेबलशेजारी लावा. प्रत्येक ओळीवर ती का आहे आणि कधी टाकली, हे मराठीत किंवा इंग्रजीत एका वाक्यात लिहा. वाचल्याशिवाय बदलायचं नाही आणि नोंदवल्याशिवायही बदलायचं नाही. आणि परीक्षेसाठी केलेले बदल परीक्षेनंतर परत घेतले, हीसुद्धा नोंद लॉगमध्ये दिसू द्या.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत, प्रस्ताव मॅनेजमेंटकडे पाठवावा लागत नाही. रेग कमांड प्रत्येक मशिनमध्ये आहेच, नोटीस बोर्डही आहे. पुढच्या सत्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आमचा कंपायलर सापडला नाही, तर 'कोणी हात लावला?' असं विचारायच्या आधी सरांनी आणि आम्ही मिळून लॉग उघडावा. एवढं झालं तरी या लेखाचं काम झालं.